धान्य वाहतुकीसाठी वापरलेला जड ट्रक: गिअरबॉक्स आणि एक्सल पाहून कोणता घ्यावा?

सुगी_वाहतूक (प्रश्न):

नमस्कार मंडळी,

आतापर्यंत आमचे धान्य ट्रॅक्टर-ट्रॉलीनेच कोठारापर्यंत जात असे. अंतर साधारण चाळीस किलोमीटर आहे. त्यातला सुरुवातीचा तीन-चार किलोमीटरचा रस्ता कच्चा, मधला टप्पा चढ-उताराचा आणि पुढचा सगळा सपाट डांबरी आहे. मोठा हार्वेस्टर घेतल्यापासून ट्रॉल्या पुऱ्या पडेनाशा झाल्या आहेत. हार्वेस्टरची टाकी भरून तो शेतात उभा राहतो आणि ट्रॉली अजून परतीच्या वाटेवरच असते. म्हणून वापरलेला जड ट्रक घ्यायचे ठरवले आहे: पुढे दोन मागच्या एक्सलचा ट्रॅक्टर-हेड (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि मागे सुमारे ३० घनमीटरचा टिपर ट्रेलर. भरलेल्या गाडीचे एकूण वजन ३६ टनांच्या आसपास जाईल.

तीन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली लांब पल्ल्यावर चाललेली, ४५० अश्वशक्तीची, १० गिअरची मॅन्युअल, मागच्या एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) ३.३६, केबिन उत्तम, रंग चांगला, एकूण गाडी डोळ्यांत भरणारी आहे. दुसरी बांधकामाच्या कामावर होती. ३७० अश्वशक्ती, १३ गिअर मॅन्युअल, एक्सल ४.११, केबिन खूपच थकलेली. तिसरी सर्वांत नवी, १२ गिअरची ऑटोमेटेड (क्लच-पेडल नसलेली, गिअर यंत्राने बदलणारी), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी असलेली. गाडी मी चालवीन, कधी वडील चालवतील आणि ऐन गर्दीत सुगीपुरते येणारे चालक असतील. दोन्ही सुग्या मिळून वर्षाला जेमतेम अडीच महिने काम आहे. उरलेला काळ गाडी शेडमध्ये उभी राहील.

घरात सर्वांचा कल पहिल्या गाडीकडे आहे. निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे: गिअरची संख्या किती महत्त्वाची, एक्सलच्या गुणोत्तराचा इतका फरक पडतो का, आणि ऑटोमेटेड गाडी या कामाला चालेल का?

---

गिअर_गणित:

आपण एक्सलचे गुणोत्तर प्रश्नातच लिहिले, हे फार चांगले केले. बहुतेक जण अश्वशक्ती आणि किलोमीटर एवढेच लिहितात. धान्याच्या गाडीची खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर होत नाही. भरलेली गाडी मऊ शेतातून किंवा कोठाराच्या चढणीवरून पहिल्यांदा हलवताना ती होते, आणि तिथे एकट्या गिअरबॉक्सला काही अर्थ नसतो. गिअर, एक्सल आणि टायर यांचा गुणाकारच तिथे काम करतो.

आकडे मांडून दाखवतो. ११आर२२.५ मापाचा टायर एका फेरीत साधारण ३.२ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३१० फेरे. पहिल्या गाडीचा सर्वांत खालचा गिअर ११ च्या आसपास धरा. त्याला ३.३६ ने गुणले की ३७ येतात. दुसऱ्या गाडीचा सर्वांत खालचा गिअर १२.३ धरला, तर ४.११ ने गुणून ५०.६ येतात. क्लच सोडण्याच्या वेळी इंजिनाने १,००० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिला आणि वाटेत दहा टक्के घट झाली असे समजू या. पहिल्या गाडीच्या चाकांना सुमारे ६.६ टनांची ओढ मिळते, दुसरीला सुमारे ९.१ टनांची. ३६ टनांच्या गाडीसाठी हे अनुक्रमे १८ आणि २५ टक्के झाले.

आता समोरचा खर्च पाहा. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांना लोळण्यासाठी वजनाच्या साधारण एक टक्का ओढ पुरते, पण नांगरट झालेल्या किंवा पावसाने भिजलेल्या शेतात तीच दहा-पंधरा टक्क्यांवर जाते. त्यात बांधावरून वर येण्याचा थोडासा चढ मिळवला, की पहिल्या गाडीजवळ शिल्लक काहीच राहत नाही. ती हलणारच नाही असे नव्हे. चालक हाफ क्लचवर इंजिन ताणून तिला बाहेर काढेल आणि प्रत्येक खेपेला क्लच-प्लेटचा थोडा भाग तिथेच जळेल. दुसऱ्या गाडीत उलटे होते: इंजिन दमण्याआधी टायर घसरतील. मागच्या दोन एक्सलांवर १६ टन भार असेल आणि जमिनीची पकड निम्मी मिळत असेल, तर आठ टनांच्या वर ओढ लागूच शकत नाही. याचा अर्थ दुसऱ्या गाडीत जितकी पकड आहे तितकी सगळी वापरता येते. त्यापुढचा प्रश्न टायरच्या नक्षीचा आणि डिफरन्शिअल लॉकचा (चाकांना एकत्र फिरायला लावणाऱ्या लॉकचा) उरतो.

सावकाश चालण्याचाही हिशेब याच गुणाकारातून निघतो. आयडलला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर असताना, पहिली गाडी ताशी ३.१ किलोमीटरने सरकेल, दुसरी २.३ किलोमीटरने. ऑगरखाली (धान्य ओतणाऱ्या स्क्रूच्या नळीखाली) गाडी इंचाइंचाने पुढे घेताना हा फरक जाणवतो, कारण गाडी क्लच दाबून सोडत न्यावी लागते की नुसती आयडलवर सोडून देता येते, हे त्यावरच ठरते.

रस्त्यावरचा वेग म्हणाल, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ४१३ फेरे घेते. पहिल्या गाडीचा शेवटचा गिअर ०.७४ असेल, तर इंजिन १,०३० फेऱ्यांच्या आसपास राहील. रिकाम्या गाडीला हे उत्तम आहे. भरलेल्या गाडीला मात्र थोडासा चढ लागताच खालचा गिअर घ्यावा लागेल आणि तुमच्या चाळीस किलोमीटरात शेवटच्या गिअरचा फायदा फारसा पदरात पडणार नाही. दुसऱ्या गाडीचा शेवटचा गिअर ०.७३ असेल, तर त्याच वेगाला १,२४० फेरे येतात. यात काहीच वावगे नाही.

१० आणि १३ गिअरमधला खरा फरक संख्येचा नसून पायऱ्यांचा आहे. दहा गिअरच्या पेटीत (गिअरबॉक्समध्ये) दोन गिअरमधली पायरी सुमारे ३५ टक्क्यांची असते. १,७०० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन १,२६० वर येते. तेरा गिअरच्या पेटीत वरच्या रेंजमधला (वरच्या गिअरांच्या गटातला) प्रत्येक गिअर स्प्लिटरने दोन भागांत विभागलेला असतो आणि ती पायरी १७-१८ टक्क्यांची होते. इंजिन १,४५० च्या आसपास राहते. ३७० अश्वशक्तीच्या इंजिनाला चढावर हाच आधार आहे. अश्वशक्ती कमी असली की गिअर जवळजवळ असावे लागतात. उलट, सपाट प्रदेशात ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाला १० गिअर पुष्कळ झाले. अठरा गिअरची पेटी खालच्या रेंजमध्येही विभागणी देते. तुमच्या वजनाला तिची गरज नाही, पण चांगल्या स्थितीत मिळाली तर नाकारण्याचेही कारण नाही.

एक गोष्ट जरूर करा. दोन्ही मॅन्युअल गाड्यांच्या गिअरबॉक्सवरची पाटी पुसून वाचा. ईटन-फुलर या कंपनीची पेटी असेल, तर क्रमांक 'आरटीएलओ-१६९१३' अशा धाटणीचा असतो. शेवटचे दोन अंक गिअरची संख्या सांगतात आणि पहिले दोन अंक टॉर्कची मर्यादा: १६ म्हणजे १,६५० पाउंड-फूट, सुमारे २,२४० न्यूटन-मीटर, १४ म्हणजे १,४५० पाउंड-फूट, सुमारे १,९७० न्यूटन-मीटर. इंजिनाचा कमाल टॉर्क या मर्यादेच्या आत आहे ना, हे पडताळून घ्या.

माझे मत दुसऱ्या गाडीच्या बाजूने आहे. अर्थात ती आतून धड असेल तरच.

---

पाना_आणि_तेल:

वरचे गणित मला मान्य आहे. मी जड गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे 'आतून धड' म्हणजे काय याबद्दल लिहितो.

विकणाऱ्याला आधी कळवून ठेवा की गाडी थंड हवी. तुम्ही पोचाल तेव्हा इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर पाहणी दुसऱ्या दिवशी ठेवा, कारण थंड इंजिन जे बोलते ते तापलेले इंजिन लपवते. सुरू करताना किती वेळ फिरवावे लागते, धूर कोणत्या रंगाचा येतो आणि किती वेळात विरतो, हे नीट पाहा. पांढरा धूर मिनिटभरात विरला तर फारशी काळजी नाही. निळसर धूर राहिला तर तेल जळते आहे. इंजिन तापल्यावर तेल भरण्याचे झाकण काढून ते तोंडावर उलटे ठेवा. जागच्या जागी थरथरले तर ठीक. वाफेच्या जोराने उडून पडत असेल, तर पिस्टन-रिंग आणि लायनर यांचे आयुष्य संपत आले आहे असे समजा.

कुलंटकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मला त्याचे वाईट वाटते. ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या ज्या नळीला बाहेरून थेट कुलंट लागते तिच्या) इंजिनात कुलंटमधले संरक्षक रसायन संपले, की लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडू लागतात. ते आरपार गेले की पाणी तेलात उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. कुलंट गढूळ, गंजाच्या रंगाचे किंवा साधे पाणी असेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी मी पुढे जाणार नाही. शक्य असेल तर इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. त्यात सोडियम-पोटॅशियम वाढलेले असेल तर कुलंट तेलात येत असण्याची शक्यता मोठी. सिलिकॉन वाढलेले असेल तर एअर फिल्टरकडून धूळ आत जाते आहे. शिसे आणि तांबे वाढलेले असेल तर बेअरिंग झिजते आहे. नुकतेच तेल बदललेले असेल तर अहवालाला फारसा अर्थ राहत नाही, म्हणून तेल कधी बदलले हे आधी विचारा.

आता गिअरबॉक्स. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, इंजिन आयडलवर ठेवून ऐका. घरघर ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर आवाज पेटीच्या आतल्या बेअरिंगचा आहे. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे लागेल. नंतर भरलेली गाडी चालवून पाहा. रिकाम्या गाडीवर पेटीची परीक्षा होत नाही. प्रत्येक गिअरमध्ये एकदा जोर द्या आणि एकदा पाय पूर्ण सोडा. जोर देताना किंवा सोडताना गिअर सुटत असेल, तर आतले दात गोल झालेले असू शकतात. रेंज बदलताना एक-दोन क्षणांत बदल झाला पाहिजे. रेंजला वेळ लागत असेल तर कधी नुसती हवेची नळी गळत असते आणि दुरुस्ती सोपी निघते, पण कधी मागच्या पेटीतला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्यापूर्वी वेग समान करणारा भाग) गेलेला असतो. म्हणून 'किरकोळ आहे' असे विकणारा म्हणाला तरी आधी दुरुस्त करून दाखवायला सांगा.

मग पेटीचा चुंबकाचा ड्रेन-प्लग उघडा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ लुगदी असणार. बोटांत चोळली तर कण लागत नाहीत. ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा दिसला, तर पेटी उघडावी लागेल असे धरूनच बोलणी करा. हीच तपासणी दोन्ही एक्सलांच्या हाउसिंगची करा. तेलाला जळका वास येत असेल तर क्राउन-पिनियन तापलेले आहेत.

बांधकामावर चाललेल्या गाडीत मला सर्वांत जास्त भीती चेसिसची असते. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, क्रॉस-मेंबरचे सांधे आणि फिफ्थ-व्हीलच्या (ट्रेलर जोडण्याच्या तबकडीच्या) खालचा भाग ब्रशने घासून पाहा. नवा रंग फक्त तेवढ्याच जागी दिला असेल, तर तिथे वेल्डिंग झाले असण्याची दाट शक्यता आहे. दुहेरी चेसिस असेल तर दोन पट्ट्यांच्या मधे गंज फुगून त्या एकमेकींपासून दूर सरकलेल्या दिसतात. त्याला उपाय नाही.

ब्रेकसाठी एवढे करा: हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहा. काटा भराभर खाली येता कामा नये. टाक्यांचे ड्रेन उघडल्यावर हवेबरोबर तेल उडत असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे.

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा इंजिनाचे तास विचारा. कंट्रोल युनिटमधून एकूण तास, आयडलचे तास आणि एकूण डिझेल वाचता येते. बांधकामाची गाडी किलोमीटरने तरुण आणि तासांनी म्हातारी असू शकते.

---

जुना_चालक:

गाडीचा विचार दोन्ही भावांनी उत्तम मांडला आहे. मला चालकाचा विचार मांडायचा आहे, कारण प्रश्नात एक महत्त्वाची ओळ आहे: सुगीपुरते येणारे चालक.

सिंक्रोनायझर नसलेली पेटी चालवणे ही शिकण्याची कला आहे. गिअर बदलताना इंजिनाचे फेरे आणि पेटीतल्या शाफ्टचा वेग जुळवावा लागतो. न्यूट्रलला क्षणभर थांबून, डबल क्लच करून पुढचा गिअर टाकावा लागतो. ज्याला हे येते त्याच्या हातात ती पेटी वर्षानुवर्षे टिकते. ज्याला येत नाही तो एका हंगामात दात घासून काढतो. त्यातही क्लच-ब्रेक नावाचा भाग आहे: पेडल अगदी तळापर्यंत दाबले की शेवटच्या इंचात तो शाफ्टला थांबवतो. तो फक्त उभ्या गाडीत पहिला गिअर टाकण्यासाठी आहे. लहान गाड्यांच्या सवयीने चालत्या गाडीत प्रत्येक वेळी पेडल तळापर्यंत दाबणारा चालक थोड्याच काळात तो तोडतो. तुम्ही दुसरी गाडी घेतली, तर सुगीच्या आधी शांत दिवस पाहून प्रत्येक चालकाला रिकाम्या आणि मग भरलेल्या गाडीवर बसवा. ऐन गर्दीत शिकवणे होत नाही.

ऑटोमेटेड पेटीबद्दल सरसकट नाही म्हणणे मला योग्य वाटत नाही. डांबरी रस्त्यावर नवखा चालकही ती नीट चालवतो आणि क्लच-पेडलच नसल्यामुळे रस्त्यावर प्लेट जळत नाही. पण एक ध्यानात घ्या: या पेटीतही आत साधा कोरडा क्लचच असतो; फक्त तो यंत्र दाबते. ऑगरखाली सारखे पुढे-मागे करताना, किंवा शेतात हार्वेस्टरच्या शेजारी सावकाश चालताना तो घसरत राहिला, तर तापतो आणि गाडी इशारा देऊ लागते. मऊ जमिनीत आणखी एक अडचण येते. गिअर बदलण्याच्या क्षणी ओढ तुटते आणि तेवढ्यात गाडी रुतते. यावर उपाय म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये एकच खालचा गिअर धरून ठेवणे. थेट शेवटचा गिअर (गुणोत्तर १) असलेल्या १२ गिअरच्या पेटीत पहिला गिअर साधारण १५ असतो, ओव्हरड्राइव्ह (शेवटचा गिअर १ पेक्षा कमी) असलेल्या पेटीत साधारण १२. म्हणून तिसऱ्या गाडीचेही एक्सलचे गुणोत्तर विचारून वरचाच गुणाकार करा. व्होल्वोने आय-शिफ्टमध्ये २०१६ पासून वेगळे क्रॉलर गिअर (अगदी सावकाश चालण्याचे) देऊ केले, पण ते मागणीनुसार बसवलेले असतात. वापरलेल्या बाजारात ते असतीलच असे धरून चालू नका.

टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) खरीखुरी ऑटोमॅटिक, म्हणजे ॲलिसनसारखी पेटी, ही निराळी गोष्ट आहे. ती सुरुवातीला टॉर्क वाढवून देते, गिअर बदलताना ओढ तुटत नाही आणि रेंगाळत चालण्यात तिची बरोबरी दुसरी पेटी करत नाही. तिचे तेल तापू न देणे आणि ते वेळेवर बदलणे एवढे सांभाळावे लागते. बिघडली तर गावातला मेकॅनिक तिला हात लावणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

---

सुगी_वाहतूक:

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही मॅन्युअल गाड्यांच्या पाट्या वाचून आलो. पहिल्या गाडीच्या पेटीचा क्रमांक १४ ने सुरू होतो आणि १० वर संपतो. इंजिनाच्या पाटीवर कमाल टॉर्क १,६५० पाउंड-फूट आहे. मालकाला विचारले, तेव्हा जुने इंजिन गेल्यावर तिसऱ्याच कुठल्यातरी ट्रकचे मोठे इंजिन तिला बसवल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्या गाडीची पाटी १६ ने सुरू होते आणि इंजिन १,३५० पाउंड-फूटाचे आहे. तिच्या चुंबकावर मऊ राखाडी लुगदी होती, कण नव्हते; पण चौथ्या गिअरला पाय सोडल्यावर एकदा गिअर सुटल्यासारखे वाटले. तिसऱ्या गाडीच्या मालकाने एक्सल २.८५ आणि पेटी ओव्हरड्राइव्हची असल्याचे सांगितले.

आणखी दोन प्रश्न आहेत. एकाच गिअरमध्ये असे होत असेल तर ते किती गंभीर? आणि गाडी वर्षातले नऊ-साडेनऊ महिने उभी राहणार असेल, तर तिसऱ्या गाडीच्या युरियाचे आणि डीपीएफचे काय होते?

---

गिअर_गणित:

पहिली गाडी यादीतून काढा. पेटीच्या मर्यादेपेक्षा २०० पाउंड-फूट जास्त टॉर्कचे इंजिन रिकाम्या रस्त्यावर चालून जाते, पण सर्वांत खालच्या गिअरमध्ये, भरलेल्या गाडीने, मऊ जमिनीत पूर्ण जोर लावला की मेन-शाफ्ट आणि मागचे गिअर यांवर तो भार येतो. तुमचे काम नेमके तेच आहे.

तिसरीचा हिशेब: पहिला गिअर १२ धरला तर १२ गुणिले २.८५ म्हणजे ३४. ही तिघींत सर्वांत कमी ओढ झाली. ती वेगवान महामार्गासाठी बांधलेली गाडी आहे. ट्रेलर डांबरी रस्त्यावरच उभा ठेवून शेतातून तिथपर्यंत धान्य ट्रॅक्टरच्या ग्रेन-कार्टने आणणार असाल, तर ती चालेल. शेतात नेणार असाल तर नको.

---

पाना_आणि_तेल:

चौथ्या गिअरबद्दल: आधी गिअर-लिव्हरचे सांधे, बुश आणि केबिनखालची जोडणी पाहायला सांगा. जोडणी ढिली असेल किंवा इंजिन-माउंटिंग बसलेले असेल, तर गिअर पूर्ण खोल जातच नाही आणि पाय सोडला की बाहेर येतो. हे सोपे काम आहे. जोडणी घट्ट करूनही गिअर सुटत असेल, तर स्लायडिंग क्लच, म्हणजे ज्या कड्याने गिअर शाफ्टला जोडला जातो ते कडे, आणि त्याचे दात झिजले आहेत. पेटी खाली उतरवावी लागेल. चुंबकावर कण नाहीत, म्हणजे निदान दात तुटून फिरत नाहीत. विकणाऱ्याकडून जोडणी दुरुस्त करून घ्या आणि भरलेल्या गाडीवर, उतारावर, चौथ्या गिअरमध्ये पुन्हा पाहा. निकाल लागेपर्यंत व्यवहार करू नका.

युरियाबद्दल: ते पाण्यात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते. आयएसओ २२२४१ या मानकानुसार साठवणीचे तापमान ३० अंशांपर्यंत राहिले तर साधारण वर्षभर टिकते, ३५ अंशांवर सहा महिनेच. म्हणजे शेडमध्ये तापणाऱ्या टाकीत ते दुसऱ्या सुगीपर्यंत खराब होण्याचा संभव आहे, आणि नळ्यांत सुकलेले पांढरे खडे इंजेक्टर बंद करतात. हंगाम संपताना टाकी कमीत कमी ठेवणे आणि पुढच्या हंगामात ताजे भरणे हाच मार्ग.

डीपीएफला गरम एक्झॉस्ट लागतो. चाळीस किलोमीटरच्या भरलेल्या खेपेत तो नीट तापतो, पण शेतात तासन् तास आयडलवर उभी राहणारी गाडी काजळी साठवते. मग ती स्वतःहून किंवा बटण दाबून जाळावी लागते आणि त्या वेळी एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. वाळलेल्या धाटांवर किंवा भुशावर उभ्या गाडीत हे कधीही होऊ देऊ नका. ती प्रक्रिया रोखण्याचे बटण बहुतेक गाड्यांत असते. शेतात शिरण्यापूर्वी ते दाबा आणि मोकळ्या डांबरी जागेवर आल्यावर काजळी जाळा. डीपीएफ नसलेल्या गाडीतही टर्बो आणि सायलेन्सरभोवती अडकलेला भुसा रोज हवेने उडवला पाहिजे.

---

जुना_चालक:

उभ्या गाडीबद्दल माझ्याकडूनही थोडे. ट्रेलरच्या कोपऱ्यात आणि चेसिसच्या खाचांत राहिलेले दाणे पूर्ण झाडून काढल्याशिवाय गाडी शेडमध्ये लावू नका; दाण्यांमागे उंदीर येतात आणि मग वायरिंग कुरतडतात. विजेचा असा दोष शोधण्यात ऐन सुगीचे दिवस जातात. सपाट जागी चाकांना पुढे-मागे ठोकळे लावून पार्किंग ब्रेक सोडून ठेवा, नाही तर ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटतात. डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत पाणी धरत नाही, आणि बॅटरीची जोडणी काढा. महिन्यातून एकदा गाडी नुसती सुरू करून बंद करण्यापेक्षा इंजिन, पेटी आणि एक्सल पूर्ण तापेपर्यंत थोडी चालवून आणा.

कमी चालणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. बाजूच्या भिंतीवर चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. भिंतीवर बारीक भेगा असलेले टायर भरलेल्या ट्रेलरखाली ठेवू नका, पुढच्या एक्सलवर तर मुळीच नको.

टिपर ट्रेलरबद्दलही सांगतो. गहू घनमीटरला सुमारे ७७० किलो भरतो, मका सुमारे ७२० आणि ओट जेमतेम ४१०. म्हणजे ३० घनमीटरात गव्हाने २३ टन होतात आणि ओटने १२ टनांच्या थोडे वर. ओटला हौदा काठोकाठ भरला तरी चालेल, पण तुमचा ट्रेलर २३ टनांपेक्षा कमी भारासाठी असेल तर गव्हाला काठाच्या खालीच थांबावे लागेल. म्हणून आतल्या बाजूला प्रत्येक पिकाची रेघ मारून ठेवा. हौदा उचलताना जमीन सपाट हवी आणि ट्रॅक्टर-हेड व ट्रेलर एका रेषेत हवेत. एअर सस्पेन्शन असेल तर आधी त्यातली हवा सोडा. ओले धान्य एका बाजूला चिकटून राहिले की वर गेलेला हौदा त्या बाजूला झुकतो. अशा वेळी हौदा खाली घ्या, धान्य मोकळे करा आणि मग पुन्हा उचला. फाळक्याजवळ माणूस उभा नको.

---

सुगी_वाहतूक:

पहिल्या आणि तिसऱ्या गाडीच्या मालकांना आज नकार कळवला. दुसऱ्या गाडीची जोडणी दुरुस्त करून द्यायला मालक तयार आहे. त्यानंतर ट्रेलर भरून उतारावर चौथा गिअर पाहणार, कुलंट आणि तेलाचा नमुना तपासायला देणार आणि चेसिस घासून बघणार. वडिलांनी एक विचारायला सांगितले आहे: या गाडीला दोन मागच्या एक्सलांमधला लॉक आहे, पण एकाच एक्सलवरच्या दोन चाकांमधला लॉक फक्त मागच्या एक्सलला आहे. शेतासाठी तेवढे पुरेल का?

---

गिअर_गणित:

पुरेल. दोन एक्सलांमधला लॉक मऊ जमिनीत शिरण्यापूर्वीच लावा. चाके घसरत असताना लावला तर आतले दात तुटतात. चाकांमधला लॉक फक्त सरळ रेषेत आणि फक्त अडकल्यावर लावा. त्यासाठी आधी चाके पूर्ण थांबवा, मग लॉक लावा आणि सर्वांत खालच्या गिअरमध्ये आयडलवर क्लच सोडा. पक्क्या जमिनीवर येताच दोन्ही काढा, कारण लॉक लागलेला असताना वळण घेतले की एक्सल-शाफ्ट पिळला जातो. पाहणीच्या दिवशी दोन्ही लॉक खरोखर लागतात आणि सुटतात ना, हे मऊ जमिनीवर तपासून घ्या. बराच काळ न वापरल्याने त्यांचे हवेचे सिलिंडर अनेकदा अडकलेले निघतात, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे लॉक लागलाच असे नाही.